नाव, बोल आणि निःशब्द : स्टुडिओ जिब्लीच्या चित्रपटांचे आवाहन

१

एखाद्या कलाकृतीची लोकप्रियता हा तिच्या श्रेष्ठतेचा पुरावा नव्हे, हे तत्त्व समीक्षेत पुरेसे रुळलेले आहे. परंतु लोकप्रियता हा पुरावा नसला, तरी तो एक प्रश्न असतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी समीक्षेला टाळता येत नाही. जपानमधील स्टुडिओ जिब्ली ह्या चित्रपटसंस्थेच्या बाबतीत हा प्रश्न विशेष निकडीने उभा राहतो. १९८५ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेने चाळीस वर्षांत पूर्ण लांबीचे जे चित्रपट काढले, त्यांची संख्या दोन डझनांच्या आतच आहे. आणि एखादा अपवाद वगळता ते हाताने काढलेल्या चित्रांच्या आधारे उभे राहिलेले आहेत. असे असूनही २००१ च्या ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’ ह्या चित्रपटाने जपानमध्ये ३,००० कोटी येनांहून अधिक उत्पन्न मिळविले व हा उच्चांक २०२० पर्यंत अबाधित राहिला. ह्याच चित्रपटास २००२ साली बर्लिन येथे सुवर्ण अस्वल व २००३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. २०२४ साली कान महोत्सवाने सन्मानाचे सुवर्णपर्ण प्रथमच एखाद्या व्यक्तीस न देता संस्थेस दिले, तेही ह्याच संस्थेस. त्याच वर्षी हायाओ मियाझाकी ह्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला.

ह्या आवाहनाची जी कारणे सामान्यतः सांगितली जातात, ती दोन आहेत. पहिले कारण स्मरणरंजनाचे. हिरवी शेते, कौलारू घरे, उन्हाळ्याच्या सुट्टीतील दुपार ह्यांचे चित्रण शहरात अडकलेल्या प्रेक्षकाला त्याच्या हरवलेल्या बालपणाकडे घेऊन जाते, असे म्हटले जाते. दुसरे कारण उपदेशाचे. निसर्गाचे रक्षण करावे, युद्ध करू नये, हा संदेश ह्या चित्रपटांतून मिळतो व तो सर्वांना पटतो, असे मानले जाते. ही दोन्ही कारणे खोटी नाहीत, परंतु दोन्ही अपुरी आहेत. ‘होतारु नो हाका’ (१९८८) ह्या चित्रपटात दोन भावंडे उपासमारीने मरतात. त्यात रंजन होईल असे स्मरण कोठेही नाही. ‘मोनोनोके हिमे’ (१९९७) मधील अरण्य प्रेमळ नसून सूडाने पेटलेले आहे, आणि ते तोडणारी एबोशी ही स्त्री महारोग्यांना व विकल्या गेलेल्या स्त्रियांना आश्रय देणारी आहे. संदेश शोधणाऱ्याने येथे कोणाची बाजू घ्यावी? शिवाय कौलारू घरे व निसर्गप्रेम अन्य अनेक चित्रपटांतही आढळते. त्यांना हे आवाहन का लाभले नाही, ह्याचा उलगडा ह्या कारणांनी होत नाही.

ह्या चित्रपटांतील भाषेकडे लक्ष दिल्यास एक तिसरे कारण दिसू लागते. चित्रे हे ह्या संस्थेचे वैभव होय, ह्यात संशय नाही. परंतु त्या चित्रांमध्ये शब्दाला जी वागणूक मिळते, ती फारशी तपासली गेलेली नाही. येथे शब्द ही हरवू शकणारी, हिरावून घेतली जाणारी, कोणीतरी परत आणून द्यावयाची वस्तू आहे. आणि जेथे शब्दाची गरज नाही, तेथे तो जाणीवपूर्वक आवरून धरलेला आहे. ह्या संयमाचा व ह्या आवाहनाचा संबंध जवळचा आहे, आणि त्या संयमाला मर्यादाही आहेत. ह्या दोन्हींचा विचार पुढे केला आहे.

२

संस्थेचा इतिहास थोडक्यात असा. इसाओ ताकाहाता (१९३५–२०१८) ह्यांनी तोक्यो विद्यापीठात फ्रेंच साहित्याचा अभ्यास केला व १९५९ साली ते तोएइ ह्या ॲनिमेशन कंपनीत दाखल झाले. १९४१ साली जन्मलेले मियाझाकी तेथे १९६३ साली आले. कामगार संघटनेच्या कार्यात दोघांची मैत्री जमली. ताकाहाता ह्यांनी दिग्दर्शित केलेला १९६८ चा ‘होरुस’ हा चित्रपट ह्या मैत्रीचे पहिले मोठे फळ होय. पुढे दोघांनी दूरचित्रवाणीसाठी ‘हाइडी’ (१९७४) ही मालिका केली. तीत रोजच्या जगण्यातील लहान लहान कृतींना जे महत्त्व दिले गेले, तेच जिब्लीचे बीज होय. तोकुमा शोतेन ह्या प्रकाशनसंस्थेच्या ‘ॲनिमेज’ मासिकाचे संपादक तोशिओ सुझुकी ह्यांनी मियाझाकींना त्या मासिकात चित्रकथा लिहावयास लावले. १९८२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्या ‘नाउशिका’ कथेवरून १९८४ साली चित्रपट निघाला, आणि त्याच्या यशावर पुढच्या वर्षी स्टुडिओ जिब्ली उभा राहिला.

संस्थेचे नावच भाषाभ्यासकाला थांबविणारे आहे. विमानांचे वेड असलेल्या मियाझाकींनी ते काप्रोनी ह्या इटालियन कारखान्याच्या एका टेहळणी विमानावरून घेतले. त्या विमानाचे नाव सहारातून वाहणाऱ्या उष्ण वाऱ्यावरून पडले होते. इटालियन भाषेत हा शब्द लिबियाच्या अरबी बोलीतून आला, आणि त्याचे मूळ अरबी रूप ‘किब्ली’ असे आहे. म्हणजे किब्ल्याच्या दिशेकडून, तेथल्या दृष्टीने दक्षिणेकडून, येणारा. ‘किब्ला’ हा शब्द मराठी वाचकालाही अपरिचित नाही. लिबियाच्या बोलीत आद्य कंठ्य वर्ण घोष होऊन ‘गिब्ली’ झाला, आणि इटालियनांनी तो तसाच लिहिला. जपानी नामकर्त्यांनी मात्र इटालियन लेखनातील आद्याक्षराचा उच्चार तालव्य समजून ‘जिबुरि’ असे लिप्यंतर केले. मूळ उच्चाराच्या दृष्टीने ही चूक होय. परंतु बोलणाऱ्यांनी एकदा स्वीकारलेले रूप हेच त्या भाषेतील शुद्ध रूप, हा भाषाशास्त्राचा नियम येथेही लागू पडतो; म्हणूनच ह्या लेखात ‘जिब्ली’ हेच रूप ठेवले आहे. संस्थेच्या मासिकाचे नाव ‘नेप्पू’, म्हणजे उष्ण वारा, असे आहे. परभाषेतून उसना घेतलेला व वाटेत बदललेला शब्द अशा रीतीने अनुवाद होऊन पुन्हा घरी आला.

१९८८ साली मियाझाकींचा ‘तोनारि नो तोतोरो’ व ताकाहाता ह्यांचा ‘होतारु नो हाका’ हे दोन चित्रपट एकाच खेळात जोडीने दाखविण्यात आले. तिकीटविक्रीच्या दृष्टीने त्यांना मोठे यश आले नाही. तोतोरोची कापडी बाहुली पुढील काही वर्षांत संस्थेचा मोठा आर्थिक आधार बनली, हे नमूद केले पाहिजे. खरे व्यावसायिक यश १९८९ च्या ‘माजो नो ताक्क्युबिन’ ह्या, किकी नावाच्या लहान चेटकिणीच्या, चित्रपटाने मिळवून दिले. त्यानंतर कामापुरते चित्रकार जमविण्याची रूढ पद्धत सोडून संस्थेने कायम पगारी कलावंत नेमले, आणि १९९२ साली कोगानेइ येथे स्वतःची वास्तू उभारली. पूर्वी कामगार संघटनेत वावरलेल्या माणसांनी चालविलेल्या संस्थेचा हा निर्णय केवळ औदार्याचा नव्हता. एकेका दृश्यासाठी महिनोन् महिने खर्चावयाचे, तर त्या श्रमाला स्थैर्य हवे, ही जाणीव त्यामागे होती.

३

आता मुख्य विषयाकडे. २००१ च्या चित्रपटाच्या शीर्षकातील ‘कामिकाकुशी’ ह्या शब्दाचा अर्थ देवांनी लपविणे असा आहे. एखादे माणूस अकस्मात दिसेनासे झाले म्हणजे त्याला कामींनी नेले असे जपानी लोक म्हणत. आपल्याकडे रानात वाट चुकलेल्याला चकवा लागला म्हणतात, त्याच्या शेजारची ही कल्पना होय. चिहिरो ही दहा वर्षांची मुलगी आईबापांसह अशाच एका अनोळखी जगात शिरते. तेथील स्नानगृहाची मालकीण युबाबा तिला कामावर ठेवून घेताना करारपत्रावर तिची सही घेते, आणि त्या सहीतील अक्षरे कागदावरून उचलून स्वतःच्या मुठीत घेते. एकच अक्षर उरते. ‘आजपासून तुझे नाव सेन’ असे तिला सांगण्यात येते.

हे दृश्य जपानी लिपीशिवाय संभवत नाही, आणि म्हणून त्याची फोड करणे आवश्यक आहे. ‘चिहिरो’ हे नाव दोन चित्राक्षरांनी लिहिले जाते. पहिल्याचा अर्थ सहस्र; दुसऱ्याचा अर्थ वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून पाण्याची खोली मोजण्याचे माप. सहस्र वाव खोल, असा त्या नावाचा अर्थ. दुसऱ्या अक्षराचा आणखी एक अर्थ शोधणे, विचारणे असा आहे. प्रत्येक चित्राक्षराचे जपानीत सामान्यतः दोन प्रकारचे वाचन असते: एक देशी, दुसरे चिनीवरून आलेले. आपल्या तत्सम व देश्य शब्दांतील भेदासारखाच हा भेद आहे. फरक इतकाच की येथे दोन्ही एकाच अक्षरात नांदतात. ‘चि’ हे सहस्राचे देशी वाचन, ‘सेन’ हे चिनी वाचन; आणि बाजारात, हिशेबात हजार म्हणून जो उच्चार होतो तो हाच. युबाबा मुलीच्या नावातून खोली काढून घेते, शोध काढून घेते, आणि मागे ठेवते तो केवळ एक आकडा. मजुराला नावाऐवजी क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेवर ह्याहून नेमके भाष्य क्वचितच झाले असेल. आणि ते करताना चित्रपटात एकही वाक्य भाष्य म्हणून येत नाही.

मराठी वाचकाला ह्या प्रसंगाची बोच समजावयास दूर जावे लागत नाही. लग्नानंतर सासरी ताटातील तांदळावर नवे नाव लिहून मुलीचे पहिले नाव मागे टाकण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आली. नाव बदलणे म्हणजे नव्या घराच्या हुकमतीखाली येणे, हा अर्थ त्या मंगल विधीतही लपलेला असतोच. चित्रपटात हाकु हा मुलगा चिहिरोला बजावतो की, नाव विसरलीस तर परतीची वाट सापडणार नाही. तो स्वतः आपले नाव विसरलेला आहे. शेवटी चिहिरोला लहानपणी ज्या नदीत ती पडली होती त्या नदीचे नाव आठवते, आणि तेच त्याचे नाव निघते. ती नदी आता बुजवून तेथे इमारती उभ्या राहिल्या आहेत. निसर्गाच्या नाशाविषयीचा संदेश येथे आहे. परंतु तो ‘नदी वाचवा’ असा नाही. नदी गेली म्हणजे एक नाव उच्चारण्याचे कारण गेले, इतकेच चित्रपट दाखवितो.

ह्याच चित्रपटातील कावोनाशी, म्हणजे चेहरा नसलेला, हे पात्र ह्या विचाराची दुसरी बाजू होय. त्याला स्वतःचा आवाज नाही. ‘आ, आ’ एवढेच तो काढू शकतो. स्नानगृहातील एका बेडूकरूपी नोकराला गिळल्यावर तो त्याच्या आवाजात बोलू लागतो, सोने वाटू लागतो, आणि जितका बोलतो तितका अधाशी होत जातो. गिळलेले सर्व ओकून टाकल्यावर तो पुन्हा मुका होतो, आणि चिहिरोच्या शेजारी आगगाडीत शांत बसतो. उसन्या शब्दांनी माणूस फुगतो, निःशब्द झाला म्हणजे सोबत करण्यास लायक होतो, असा ह्या दोन अवस्थांचा संबंध आहे.

नावाविषयीचे हे अवधान एकाच चित्रपटापुरते नाही. ‘तोतोरो’ हा शब्द धाकट्या मेइच्या बोबड्या उच्चारातून जन्मतो. चित्रांच्या पुस्तकातील ‘ट्रोल’ हा परकी शब्द तिला नीट म्हणता येत नाही. त्या अरण्यदेवतेचे खरे नाव काय, हे चित्रपट सांगतच नाही. मोठ्या बहिणीचे नाव सात्सुकी, म्हणजे जुन्या पंचांगातील पाचवा महिना, आणि धाकटीचे मेइ, म्हणजे इंग्रजी मे. आरंभीच्या आराखड्यात एकच मुलगी होती, तिचे दोन भाग करण्यात आले. त्या विभागणीची खूण नावांत राहून गेली आहे. योशिफुमी कोन्दो ह्यांच्या ‘मिमि वो सुमासेबा’ (१९९५) मध्ये शाळकरी नायिकेला वाचनालयातील पुस्तकांच्या कार्डांवर एकच नाव पुन्हा पुन्हा आपल्या आधी लिहिलेले आढळते, आणि माणूस भेटण्यापूर्वी नावाशी ओळख होते. ताकाहाता ह्यांच्या ‘कागुया-हिमे नो मोनोगातारि’ (२०१३) मध्ये गावातील पोरे नायिकेला ‘ताकेनोको’, म्हणजे बांबूचा कोंब, म्हणतात. म्हातारा बाप ‘हिमे’, म्हणजे राजकन्या, म्हणतो. आणि राजधानीत आल्यावर एका वृद्धाला बोलावून तिचे रीतसर नामकरण होते. त्या नामकरणाच्या मेजवानीतच परक्या पुरुषांची थट्टा कानी पडून ती घर सोडून धावत सुटते. धावताना चित्रातील रेषा तुटतात, विस्कटतात, कोळशाच्या फराट्यांसारख्या होतात. लादलेले नाव आणि मोडलेली रेषा ह्यांचा हा संबंध शब्दांत सांगितलेला नाही. तो हाताने काढला आहे.

४

मियाझाकी नावाकडे वळतात, तर ताकाहाता बोलीकडे. ‘होतारु नो हाका’ हा अकियुकी नोसाका ह्यांच्या १९६७ च्या कथेवर आधारलेला आहे. काजव्याला जपानीत ‘होतारु’ म्हणतात व त्यासाठी एक स्वतंत्र चित्राक्षर आहे. नोसाकांनी ते न वापरता अग्नी आणि ओघळणे ह्या अर्थांच्या दोन अक्षरांनी तो शब्द लिहिला, आणि चित्रपटानेही तेच लेखन ठेवले. उच्चार काजव्याचा, परंतु वाचणाऱ्या डोळ्याला १९४५ साली कोबे शहरावर बरसलेले आगीचे गोळे दिसतात. मुलांची भाषा कोबे परिसराची बोली आहे. ती कोठेही प्रमाण भाषेत वक्तृत्व करीत नाहीत. हा चित्रपट युद्धविरोधी आहे, हे वर्णन ताकाहाता ह्यांना मान्य नव्हते, ते ह्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. घोषणेला प्रमाण भाषा लागते. सेत्सुकोची भूक बोलीत आहे.

१९९१ चा ‘ओमोहिदे पोरोपोरो’ हा चित्रपट भाषेच्या अभ्यासकाने तर अवश्य पाहावा. सत्तावीस वर्षांची ताएको नोकरीतून रजा घेऊन यामागाता प्रांतात करडईची फुले खुडण्यासाठी जाते, आणि पाचव्या इयत्तेतील स्वतःच्या आठवणी तिची पाठ सोडीत नाहीत. शीर्षकातील पहिला शब्द आठवण ह्या अर्थाचा. त्याचा उच्चार ‘ओमोइदे’ असा होतो, परंतु १९४६ च्या लेखनसुधारणेपूर्वीच्या पद्धतीने तो ‘ओमोहिदे’ असा लिहिला आहे. १९६२ पूर्वीच्या मराठी पुस्तकातील अनुच्चारित अनुस्वार पाहून वाचकाला जे जुनेपण जाणवते, तेच हे. दुसरा शब्द ‘पोरोपोरो’ हा अनुकरणवाचक. अश्रू, दाणे, लहान वस्तू एकामागून एक गळण्याचा. जपानी भाषा अशा शब्दांनी समृद्ध आहे, आणि टपटप, भुरभुर, सळसळ ह्यांवर वाढलेल्या मराठी कानाला ते सहज भिडतात. ‘कालच्या गोष्टी’ अशा अर्थाचे जे इंग्रजी नाव ह्या चित्रपटास मिळाले, त्यात ही गळण्याची क्रियाच गळून गेली.

ह्या चित्रपटात प्रौढ पात्रांचे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग त्यांवर चित्रे काढण्यात आली. जपानी ॲनिमेशनमध्ये सामान्यतः ह्याच्या उलट घडते. परिणामी हसताना गालावर उमटणाऱ्या रेषासुद्धा नटांच्या बोलण्याबरहुकूम आल्या आहेत. शेतकरी तोशिओ यामागाताच्या ढबीने बोलतो, ताएको तोक्योच्या भाषेत. आणि दोघांत फुलणारा स्नेह हा दोन बोलींनी एकमेकींना दिलेला मान होय. बालपणीच्या दृश्यांत चित्राच्या कडा पांढऱ्या सोडलेल्या आहेत, कारण आठवणीला चौकट भरून काढता येत नाही. प्रौढपणाचे दृश्य कोपऱ्यापर्यंत रंगविलेले आहे. स्मरणरंजनाचा आरोप करणाऱ्यांनी हा भेद पाहावा. ताएकोच्या आठवणी गोड नाहीत. त्यांत बापाने मारलेली चपराक आहे, वर्गातील एका गरीब मुलाशी केलेल्या वागणुकीची शरम आहे. आठवण येथे आश्रय नसून हिशेब आहे.

५

शब्दाला इतके जपणारी कला निःशब्दालाही जागा देते, हे ओघानेच आले. जपानी सौंदर्यविचारात ‘मा’ अशी एक संज्ञा आहे. दोन वस्तूंमधील, दोन क्षणांमधील मोकळी जागा. २००२ साली एका अमेरिकन समीक्षकाशी बोलताना मियाझाकींनी ती टाळी वाजवून समजाविली: दोन टाळ्यांमधील वेळ म्हणजे ‘मा’. पाण्यावरून जाणाऱ्या गाडीतील चिहिरोचा प्रवास, बसथांब्यावर पावसात तोतोरोच्या शेजारी उभी असलेली सात्सुकी, ही ह्याची सर्वांना आठवणारी उदाहरणे. ताकाहाता ह्यांनी हाच विचार चित्रफलकावर नेला. बाराव्या शतकातील चित्रगुंडाळ्यांचा ॲनिमेशनशी असलेला संबंध उलगडणारे पुस्तक त्यांनी १९९९ साली लिहिले होते. ‘कागुया’च्या निर्मितीस सुमारे आठ वर्षे लागली, आणि तिच्या चौकटींत कोऱ्या कागदाला रंगाइतकेच मोल मिळाले.

ह्या संयमाची खरी परीक्षा भाषांतरात झाली. ‘नाउशिका’ची अमेरिकन आवृत्ती १९८५ साली निघाली, तीत सुमारे वीस मिनिटांचा भाग कापून नावेही बदलण्यात आली. तेव्हापासून परदेशी वितरकाने एकही दृश्य कापू नये, असा संस्थेचा आग्रह राहिला. परंतु कापण्याइतकेच भर घालणेही घातक असते, हे १९९८ च्या ‘किकी’च्या इंग्रजी आवृत्तीत दिसून आले. मूळ चित्रपटात किकीची उडण्याची शक्ती जाते तेव्हा तिच्या जिजी नावाच्या मांजराचे बोलणेही तिला ऐकू येईनासे होते. शेवटी ती पुन्हा उडू लागते. मांजर मात्र केवळ ‘म्याव’ करते. मूल मोठे झाले, आणि एक संवाद कायमचा संपला, हा त्या शेवटाचा अर्थ. इंग्रजी आवृत्तीत मांजराच्या तोंडी जागोजागी विनोद घालण्यात आले, आणि शेवटी त्याला पुन्हा बोलते करण्यात आले. २०१० च्या आवृत्तीत ही भर बरीचशी काढून टाकण्यात आली. ‘लापुता’च्या इंग्रजी आवृत्तीसाठी तर संगीतकार जो हिसाइशी ह्यांनीच, मूळ चित्रपटात जेथे शांतता होती तेथे, नवे संगीत रचून दिले. अमेरिकन प्रेक्षक शांततेने अस्वस्थ होईल, ही त्यामागील भीती. जगभरच्या प्रेक्षकांनी पुढे मूळ आवृत्त्यांनाच पसंती दिली, ह्यावरून ती भीती निराधार होती असे म्हणावयास हरकत नाही.

जुलै २०२३ मध्ये ‘किमिताचि वा दो इकिरु का’ हा मियाझाकींचा चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला, तो एका भित्तिपत्रकापलीकडे कोणतीही जाहिरात न करता. शीर्षक १९३७ च्या गेन्झाबुरो योशिनो ह्यांच्या पुस्तकावरून घेतलेले, आणि ते एक प्रश्न आहे: तुम्ही कसे जगणार? इंग्रजीत त्याचे ‘मुलगा आणि बगळा’ अशा अर्थाचे नाव झाले. प्रश्नाचे उत्तर न देता तो पुसून टाकण्याचा हा सोपा मार्ग होय.

६

येथवरचे विवेचन एकतर्फी वाटू नये, म्हणून ह्या गुणाच्या मर्यादाही पाहणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा गोरो मियाझाकी ह्यांच्या ‘गेदो सेन्कि’ (२००६) ह्या चित्रपटात दिसते. अर्सुला ले ग्विन ह्यांच्या ज्या कादंबऱ्यांवर तो आधारलेला आहे, त्यांचा पायाच खऱ्या नावाची शक्ती हा आहे. जिब्लीच्या परंपरेला ह्याहून अनुकूल विषय सापडणे कठीण. तरी चित्रपट फसला, आणि लेखिकेनेही आपली नाराजी जाहीर केली. कारण उघड आहे. येथे पात्रे नावांविषयी, जीवनमृत्यूविषयी, समतोलाविषयी एकमेकांना समजावून सांगत राहतात. युबाबाच्या मुठीत गेलेली अक्षरे जे करतात, ते येथील प्रवचन करू शकत नाही. विषय तोच असूनही कला वेगळी पडते, ह्यावरून आवाहन विषयात नसून वागणुकीत आहे, ह्या विधानास पुष्टीच मिळते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, आणि ती ह्या विधानालाच आव्हान देणारी आहे. ‘काझे ताचिनु’ (२०१३) हा चित्रपट झीरो लढाऊ विमानाचे रचनाकार जिरो होरिकोशी ह्यांच्या जीवनावर रचलेला आहे. मियाझाकींच्या स्वतःच्या कुटुंबाचा कारखाना युद्धकाळात त्याच विमानाचे भाग बनवीत असे. सुंदर विमान बनविण्याचे स्वप्न आणि त्या विमानाने केलेला संहार ह्यांतील विसंगती दिग्दर्शकाला ठाऊक आहे; परंतु तिच्यासमोर चित्रपट गप्प राहतो. ती विमाने कोणावर चालून गेली, हे जवळजवळ दिसतच नाही. ती परत आली नाहीत, एवढेच कळते. दक्षिण कोरियात ह्यावर टीका झाली, ती अनाठायी म्हणता येत नाही. त्याच सुमारास मियाझाकींनी ‘नेप्पू’ मासिकात संविधानातील शांततेच्या कलमाला हात लावण्यास स्पष्ट विरोध केला होता, आणि त्याबद्दल जपानमधील राष्ट्रवादी गटांनी त्यांना धारेवर धरले होते. म्हणजे नागरिक म्हणून जे त्यांनी उघड सांगितले, ते कलावंत म्हणून त्यांनी प्रेक्षकावर सोपविले. तोतोरोच्या शेजारील मौन प्रेक्षकाला काही देते. येथील मौन मृतांकडून काही काढून घेते. न बोलणे हा गुण आहे की पळवाट, हे न बोललेली गोष्ट कोणाची आहे ह्यावर ठरते. स्वतःचे दुःख माणसाने न सांगणे वेगळे, आणि दुसऱ्याचे न सांगणे वेगळे.

तिसरी मर्यादा संस्थेच्या रचनेतील आहे. इतक्या बारीक कामाला लागणारी शिस्त दोन व्यक्तींच्या हातांत व डोळ्यांत साठलेली होती, आणि ती पुढच्या पिढीकडे पोहोचविणे जमले नाही. ज्यांच्याकडे वारसदार म्हणून पाहिले जात होते ते कोन्दो १९९८ च्या जानेवारीत वयाच्या ४७ व्या वर्षी वारले. २०१४ साली निर्मितिविभाग थांबविण्यात आला. पुढे मियाझाकींच्या नव्या चित्रपटासाठी तो पुन्हा सुरू झाला. २०२३ साली निप्पोन टेलिव्हिजनने संस्थेला आपली उपकंपनी करून घेतले. १९८९ नंतर कलावंतांना स्थैर्य देणारी संस्था स्वतःला मात्र स्थैर्य देऊ शकली नाही. ह्यात दैवाचा भाग आहे. परंतु प्रत्येक रेषा स्वतः तपासणाऱ्या दिग्दर्शकाच्या छायेत दुसरा दिग्दर्शक वाढत नाही, हाही भाग आहे.

७

एकंदरीत पाहता, स्टुडिओ जिब्लीच्या आवाहनाचे मूळ केवळ हिरव्या शेतांत वा सदुपदेशात शोधणे योग्य ठरत नाही. त्याचे एक बलवत्तर कारण असे की, हे चित्रपट प्रेक्षकाला समजावीत नाहीत. त्याच्यावर विश्वास टाकतात. मुलालाही न सांगितलेले कळते, ही त्यांची श्रद्धा आहे. नाव, बोली आणि मौन ही त्या विश्वासाची तीन साधने होत. आणि ज्या चित्रपटांत ती ढळली, तेथे चित्रे तितकीच देखणी असूनही परिणाम उणावला, हे वर पाहिलेच आहे.

मराठीच्या अभ्यासकाला ह्यातून एक व्यावहारिक प्रश्नही मिळतो. २०२० साली जपान, अमेरिका व कॅनडा वगळता जगाच्या बऱ्याच भागांत हे चित्रपट नेटफ्लिक्सवर अनेक भाषांतील उपशीर्षकांसह उपलब्ध झाले, आणि नवा प्रेक्षकवर्ग त्यांच्याशी परिचित झाला. उद्या ते मराठीत आणावयाचे ठरल्यास तोशिओने कोणत्या बोलीत बोलावे, सहस्र वाव खोल असलेल्या मुलीचे नाव कापल्यावर मराठी कानाला काय ऐकू यावे, ‘पोरोपोरो’ कशाने गळावे, हे प्रश्न भाषांतरकारापुढे येतील. त्यांची उत्तरे शब्दकोशात नाहीत. आपल्या बोलींच्या व अनुकरणवाचक शब्दांच्या जिवंत अभ्यासात आहेत. आणि ज्या जागा मुळात मोकळ्या आहेत त्या मोकळ्याच ठेवण्याचे धैर्य भाषांतरकाराला दाखवावे लागेल. जिजी शेवटी मराठीतही ‘म्याव’च म्हणाला पाहिजे.